शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी माझी जागा मागच्या बाजूला, चहाच्या कपबशांजवळ असते. भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. सेक्रेटरीबाईंनी विचारले, "कशावर बोलाल?" मी म्हटले, "विद्यार्थ्यांच्या सेवा मंडळाने गेल्या वर्षी आपल्याकडे मदत मागितली होती, त्यावर बोलेन." त्या जरा थांबल्या. कारण त्या दिवशी सभेत सर्वांत मोठ्या आवाजात 'नाही' म्हणणारी मीच होते, हे त्यांना आठवत होते. मलाही आठवते. म्हणूनच आज बोलायला उभी राहिले आहे.

झाले होते ते असे. आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींचे एक सेवा मंडळ आहे, हे तुम्हांस ठाऊक आहेच. ही मुले दिवाळीत उटणे आणि आकाशकंदील विकतात, राखीच्या वेळी राख्या करतात, रविवारी घरोघर फिरून रद्दी गोळा करतात. त्यांतून पैसे जमवून गरजू विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके देतात. गेल्या वर्षी त्यांनी एक मोठे काम अंगावर घेतले. आपल्याच गावातल्या, शिवणकाम करणाऱ्या बापाच्या मुलीला शेतजमिनीच्या मातीचा अभ्यास करण्यासाठी युरोपातल्या एका विद्यापीठात जागा मिळाली होती. फी माफ होती. तिथे पोहोचल्यावर दरमहा राहण्या-जेवण्याचे पैसेही मिळणार होते. परंतु पोहोचायचे कसे? विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि तिथल्या खोलीची अनामत मिळून १ लाख १८ हजार रुपये आधीच हवे होते. बापाने ६० हजार उभे केले. मुलांनी रद्दी आणि उटणे विकून ३१,४०० रुपये जमवले. राहिले २६,६००. ते मागायला ती मुले आपल्याकडे आली.

आपल्या पासबुकात तेव्हा ४१ हजार रुपये होते.

मी उठून म्हणाले, "बायकांच्या घामाचा पैसा विमानाच्या तिकिटाला कशाला? इथे मुलींना बारावीपर्यंत शिकवताना नाकी नऊ येतात. आणि तिकडे गेलेली परत येते कशाला?" टाळ्या पडल्या. मला बरे वाटले. मुले नमस्कार करून निघून गेली. मुलीला वेळेत पैसे भरता आले नाहीत, तारीख टळली आणि जागा दुसऱ्या कोणाला गेली. त्यानंतर दोन महिन्यांनी आपण त्या पैशांतून खुर्च्या घेतल्या. आज तुम्ही बसला आहात त्याच या खुर्च्या.

बायांनो, खुर्च्या घेण्यात पाप नाही. आपल्याला त्या लागतच होत्या. पण ती मुलगी आमच्या आळीत राहते. सकाळी शिकवणीला जाताना रोज माझ्या दारावरून जाते आणि "काकू, येते हं," म्हणते. तिने एक शब्दही बोलून दाखवला नाही, म्हणूनच मला झोप येईना. शेवटी मी वाचनालयात जाऊन बसू लागले. आपल्या आधीच्या बायकांनी परदेशी शिक्षणाचे पैसे कसे उभे केले, हे मला पाहायचे होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाचायला वेळ लागतो, पण घाई कुणाला होती?

पहिली गोष्ट आनंदीबाई जोशी यांची. त्या पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी, हे आपण शाळेत शिकलो. परंतु त्यांना अमेरिकेत आधार कोणी दिला, हे मला माहीत नव्हते. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिले होते. उत्तर आले ते धर्म बदलण्याची गोष्ट करणारे. ते पत्र आणि ते उत्तर तिकडच्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे त्यांच्या हातात ते मासिक पडले. या बाई कोणी राणी नव्हत्या, आपल्यासारख्याच घरसंसार पाहणाऱ्या गृहिणी होत्या. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, मैत्री केली, आणि १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेला पोहोचल्या तेव्हा त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. धर्माची अट घातली नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी त्या गेल्या.

आता कोणी म्हणेल, मग एवढ्या खटाटोपाचे काय झाले? मलाही तसेच वाटले होते. पण गोष्ट तिथे संपत नाही.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. त्या अमेरिकेतच राहिल्या आणि गावोगाव भाषणे करून आपल्याकडच्या बालविधवांची स्थिती सांगू लागल्या. ती ऐकून १८८७ साली बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' म्हणून छोटी मंडळे निघाली. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनीही असे एक मंडळ काढले होते. सभासद होणारीने वचन द्यायचे ते हे, की दरसाल एक डॉलर, आणि तो दहा वर्षे. बस्स, एवढेच. दहा डॉलर एकदम देऊन फोटो काढून घ्यायचा नाही. दरसाल एक, पण दहा वर्षे विसरायचे नाही.

त्या मुलींनी मुंबई पाहिली नव्हती. इथल्या विधवांचे तोंड पाहिले नव्हते. त्यांच्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. सदनात शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे देवरुखच्या जोशांची मुलगी, गोदूबाई नातू. चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आपल्या बाया कर्वे. तीन वेळा ११ मार्चच आला, हे पाहून मला मोठी मौज वाटली. तारखेचा तो योगायोग असेल. पण एकीच्या शिक्षणातून दुसरीची वाट निघाली, हा काही योगायोग नव्हे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला, आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ निघाले. हे सारे एका डॉलरने झाले असे मी म्हणणार नाही. अण्णासाहेबांचे कष्ट अण्णासाहेबांचेच. परंतु त्यांच्या घरची बाई शिकली ती त्या डॉलरवर, हे खरे.

याच गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. माझ्यासारखीच्या मनाला सर्वांत जवळची गोष्ट त्यांची वाटली. लहान वयात विधवा झाल्या, पदरात एक मुलगा. शिक्षण सुरू झाले तेच मुळी मोठेपणी. मग हिंगण्याच्या आश्रमासाठी झोळी घेऊन वर्षानुवर्षे गावोगाव हिंडल्या. आणि १९१८ साली, ४८ वर्षांच्या वयाला, इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी मदत मिळवायला एकट्या अमेरिकेला गेल्या. पैसे पुरेनात. लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या, भांडी घासली, आजारपण काढले, पण शाकाहार सोडला नाही आणि काम अर्धवट टाकून परत फिरल्या नाहीत. १९२० साली परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. त्यांचे 'माझी कहाणी' हे पुस्तक मिळाले तर अवश्य वाचा. ४८ वर्षांची बाई तिकडे भांडी घासून शिकते, आणि आम्ही चाळिशीतच "आता आमचे काय राहिले?" म्हणतो.

आता माझ्या त्या टाळीच्या वाक्याकडे येते. "गेलेली परत येते कशाला?"

खरे सांगायचे तर काही जण येत नाहीत. त्यांना तिथे काम मिळते, संसार होतो. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु येणारेही येतात. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर टाटांच्या शिष्यवृत्तीची मदत घेऊन केंब्रिजला शिकले. तिथे मोठे नाव झाले असताना १९७२ साली ते भारतात परत आले आणि १९८८ साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. आकाशातल्या गोष्टी त्यांनी मराठीत आपल्या मुलांना सांगितल्या. २०२५ साली ते गेले तेव्हा माझा मुलगा दिवसभर गप्प होता.

आणि ही टाटांची शिष्यवृत्ती कशी आहे, तेही ऐका. जमशेटजी टाटांनी १८९२ साली ती सुरू केली. पहिली मदत मिळाली ती एका बाईला, डॉक्टर फ्रेनी कामा यांना. हे पैसे कर्जाऊ असतात. शिकून कमवायला लागले की परत करायचे, म्हणजे तेच पैसे पुढच्याला मिळतात. घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखे वाटत नाही आणि देणाऱ्याची थैलीही रिकामी होत नाही. आपल्या भिशीत एकीचा नंबर लागला की पैसे तिला मिळतात आणि ती पुढचे हप्ते भरतच राहते, तशातलाच हा प्रकार. भिशी चालवणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांची हकीकत तर मला फारच शिकवून गेली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. त्यावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे लंडनला अभ्यास सुरू केला, पण मुदत संपली आणि तो अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले. एवढा बुद्धिमान माणूस, पण पैशांची मुदत संपली की बोटीत बसावेच लागते! मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊन राहिलेला अभ्यास पुरा करू शकले. एक शिष्यवृत्ती संपल्यापासून पुढची सोय लागेपर्यंत तीन वर्षे गेली. थोड्या पैशांची नड मोठ्या माणसालाही अशी थांबवते.

आणि लहान माणसाचे काय? मैत्रिणींनो, मी सातवीवर थांबले, ती माझ्या वडिलांजवळ काही हजार रुपये नव्हते म्हणून नव्हे. हायस्कूल तालुक्याला होते. एस. टी.च्या पासाचे पैसे दर महिन्याला काढायचे, एवढाच प्रश्न होता. वडील म्हणाले, पुढच्या महिन्यापासून बघू. तो महिना आलाच नाही. पुढे मुलींना सरकारने तो पास फुकट केला, तेव्हा माझ्या मांडीवर मूल होते. हे मला त्या सभेत आठवायला हवे होते.

सेवा मंडळाच्या मुलांना मी परवा बोलावून घेतले आणि विचारले, "अडते तरी कुठे?" त्यांनी कागदावर मांडून दाखवले. मोठ्या शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, केंद्र सरकारची आहे, रोटरीसारख्या संस्थांच्या आहेत, परदेशी विद्यापीठांच्याही आहेत. परंतु त्या मिळेपर्यंतचा खर्च ज्याचा त्यानेच करायचा असतो. पासपोर्टला १,५०० रुपये. इंग्रजीच्या परीक्षेला पंधरा हजारांच्या वर, आणि एकदा नापास झाले तर पुन्हा तेवढेच. गुणपत्रिकांच्या शिक्कामोर्तब केलेल्या प्रती, अर्जांची फी, व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईची फेरी, थंडीचा एक जाड कोट. शहरातल्या सुखवस्तू घराला हा खर्च जाणवतही नाही. आपल्या गावची मुलगी मात्र इथेच अडकते. जेवण वाढून तयार असते, पण तिथपर्यंत जायला शिदोरी नसते.

ती शिदोरी बांधण्याचे काम लहान मंडळांचे आहे. लहान म्हणून लाजायचे कारण नाही. रोटरीवाल्यांच्या निधीची कल्पना आर्च क्लम्फ यांनी १९१७ साली मांडली, आणि त्याला पहिली देणगी आली ती कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून, साडेसव्वीस डॉलर. पुढे तीस वर्षांनी, १९४७ साली, त्या निधीतून पहिले १८ विद्यार्थी परदेशी शिकायला गेले. तीस वर्षे कोणी तरी हिशेबाची वही जपून ठेवली असेलच ना?

हिशेबावरून आणखी एक सांगते, आणि ते कडू आहे. शारदा सदनाचे सारे गोडच झाले असे नाही. तिथे धर्माच्या बाबतीत कोणावर दडपण येणार नाही, अशी बोली होती. परंतु मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ झाले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. दोन्ही बाजूंना तळमळीची माणसे होती. मी त्यात न्याय करायला बसणारी कोण? पण शिक्षण बुडाले ते त्या मुलींचे, एवढे मला दिसते. यावरून मी एवढेच घेतले, की कामाच्या अटी पहिल्याच दिवशी लिहून सर्वांसमोर वाचाव्यात, म्हणजे पुढे मन कलुषित होत नाही. आणि मदतीला दोरी बांधू नये. आपण दहा रुपये दिले म्हणजे त्या मुलीने कोणते कपडे घालावेत, कोणाशी लग्न करावे, हे सांगायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

तर आज माझी सूचना अशी आहे. आपण ६४ सभासद आहोत. प्रत्येकीने महिन्याला दहा रुपये द्यावेत. भाजीवालीकडे कोथिंबिरीची जुडी घेताना आपण यापेक्षा जास्त वेळ घासाघीस करतो. महिन्याचे ६४० रुपये होतात, वर्षाचे ७,६८०. आणि ते दहा वर्षे द्यावेत, त्या अमेरिकेतल्या मुलींसारखे. दहा वर्षांत ७६,८०० रुपये होतील. त्यात मुलांच्या सेवा मंडळाने आपली रद्दी-उटण्याची मिळकत घालावी. खाते दोघांचे मिळून असावे, सही दोघांची असावी. रोख पैसे कोणाच्या हातात देऊ नयेत, जिथे फी भरायची तिथे ती आपणच भरावी. ज्याला मिळेल त्याने कमावता झाल्यावर हप्त्याहप्त्याने परत करावेत, ते पुढच्याला जावेत. मग मुलगी असो की मुलगा, आणि आपल्या आळीचा असो की पलीकडच्या वस्तीचा. वर्षातून एकदा, याच दिवशी, मुलांनी वही उघडून जमाखर्च वाचून दाखवावा. हारतुरे नकोत, आणि व्यासपीठावर मोठा कागदी चेक धरून फोटोही नको. घेणाऱ्या पोराची मान त्यात खाली जाते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा पैशांत कितीजण जातील? दहा वर्षांत दोन गेले तरी पुष्कळ झाले. बाकीच्यांच्या पासपोर्टाला आणि परीक्षेला तरी उपयोग होईल. शारदा सदनातही पहिल्या दिवशी काही मुलींची रांग लागली नव्हती.

त्या मुलीला मी परवा विचारले, "बाळ, आता काय करणार?" ती म्हणाली, "काकू, पुन्हा अर्ज केला आहे. मार्चात कळेल." मी तिची माफी मागायला गेले होते, पण तोंडातून शब्द फुटेना. मग घरी येऊन पिठाच्या डब्यामागे ठेवलेले पैसे मोजले. बाराशे निघाले. हे माझ्या वाट्याचे दहा वर्षांचे पैसे आहेत. नियम मीच सांगितला की महिन्याला दहा द्यायचे, आणि तो मीच मोडते आहे. पण माझ्याकडे एक वर्षाची थकबाकी आहे, म्हणून मला हे एकदम भरू द्यावेत. पुढच्या महिन्यापासून मी तुमच्याबरोबर पुन्हा दहा देईन.

अध्यक्षीणबाई, गेल्या वर्षी या विषयावर हात वर करायला लावले ते मी. आज पुन्हा तेवढीच विनंती आहे. सूचना मतास टाकावी. बोलण्यात काही चुकले असल्यास पदरात घ्यावे. एवढे बोलून मी माझ्या जागेवर, कपबशांजवळ जाते.